येमेनचा डबा

१

सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी छोटीने चमचा कपात बुडवला, फुर्रर्र करून घोट ओढला, जिभेवर घोळवला, पिकदाणीत टाकला, आणि डब्यावरची चिठ्ठी पुन्हा वाचली.

कॉफी वाईट नव्हती. वाईट असती तर एक वेळ परवडलं असतं. चांगली गोडसर, पिकल्या जांभळाच्या वासाची कॉफी होती, फक्त त्या कपात तिला काही काम नव्हतं. ज्या डब्यातून तिचे दाणे आले त्या डब्यावर येमेनची चिठ्ठी होती. येमेनच्या कॉफीला मनुकांचा, दालचिनीचा वास येतो. जांभळाचा येतो तो समुद्राच्या पलीकडच्या काठावरच्या, इथिओपियातल्या हरारच्या कॉफीला. छोटीने पाण्याने तोंड खळखळून धुतलं आणि पुन्हा घोट घेतला. पुन्हा हरार. तिसऱ्यांदाही हरारच.

छोटी म्हणजे कुणी परकरातली पोर नव्हे. दोन मुलांची आई, पस्तिशी उलटलेली. देशोदेशींची कच्ची कॉफी आणून विकणारी ही पेढी, तिथले मुख्य चाखणारे तिचे वडील. सगळी पेढी त्यांना मास्तर म्हणायची. सात वर्षांची असताना ती त्यांचं बोट धरून पहिल्यांदा इथे आली, तेव्हा कुणीतरी छोटी म्हटलं, ते चिकटलं ते चिकटलंच. कामावर तीही वडिलांना मास्तरच म्हणे. घरी गेल्यावर बाबा.

आता हा डबा एवढा का महत्त्वाचा, तर तो सौद्याचा साक्षीदार होता. महिन्यापूर्वी गिऱ्हाइकाने येमेनचा नमुना पसंत केला, अर्धा स्वतः नेला, अर्धा इथे ठेवला. गोदामात साठ गोण्या आलेल्या. आज चार वाजता गिऱ्हाईक येणार, गोणीतला माल आणि डब्यातला नमुना शेजारीशेजारी चाखणार. गोणीत येमेन आणि डब्यात हरार निघालं, की सगळ्या बाजारात एकच बोभाटा होणार की ही पेढी दाखवते एक आणि देते दुसरंच. मग या दारात कोण उभं राहणार होतं?

शनिवारी छोटीने स्वतः हा डबा चाखला होता, तेव्हा बरोबर होता. रविवारी पेढी बंद. आणि आज सकाळी?

तिने नोंदवही उघडली. 'नऊ वाजता. नमुना बरोबर.' खाली मास्तरांची सही, नेहमीची, झोकदार.

पेढीची रीत अशी की दोघांनी एकाच भाजणीतलं चाखायचं नाही, म्हणजे भाजणाऱ्याच्या चुकीत दोघं फसायला नकोत. मास्तरांसाठी साडेसातला एक मूठ काढून भाजलेली, छोटीसाठी साडेनऊला दुसरी. पहिली मूठ बरोबर, दुसरी चुकीची. म्हणजे मधल्या दोन तासांत कुणीतरी डब्यातला माल बदलला. आणि त्या दोन तासांत डबा होता कपाटात, कपाट गोदामाची राखण करणाऱ्या कुलूपकाकांच्या खोलीत, आणि खोलीत कुलूपकाका एकटे.

मालकीणबाईंनी हे ऐकलं आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. मग शांतपणे म्हणाल्या, गोणीतला माल डब्यात भरणं म्हणजे खोटी साक्ष, ते नको; चारच्या आत येमेनचा नमुना मिळाला तर ठीक, नाहीतर कुलूपकाका पोलिसांच्या हवाली.

२

पेढीच्या मालाचा विमा होता, त्यामुळे विमा कंपनीच्या तपासनीस बाईंना तसंही सौद्यासाठी यायचंच होतं. बातमी कळताच त्या बाराऐवजी अकरालाच आल्या. पांढरे केस, खांद्याला कापडी पिशवी आणि कपाळावर बाम. बाम म्हणजे लेप म्हणावा इतका. डोकं धरलं होतं त्यांचं.

चाखायच्या खोलीत कांदा खाऊन यायचं नाही, अत्तर लावायचं नाही, केसांना वासाचं तेलसुद्धा नाही, असा दंडक. बाई आत आल्या तशी कॉफी भाजणाऱ्या भट्टीवाल्याला शिंक आली. कुलूपकाकांवर एवढं बालंट आलेलं, तरी ते सवयीने उठून खिडकी उघडायला गेले. छोटीच्या डोळ्यांत तर पाणीच आलं. तिने नाइलाजाने सांगितलं, राग मानू नका पण कपाळ धुऊन या.

आणि मास्तर? साबणाचा वास आला म्हणून एका कारकुनाला घरी पाठवणारे मास्तर? त्यांनी उठून बाईंना खुर्ची सरकवून दिली. "बसा ना," म्हणाले, अगदी अगत्याने.

छोटीला एकदम घरचं आठवलं. गेल्या आठवड्यात घरी दूध उतू जाऊन पातेलं करपलं होतं. घरभर धूर, आणि बाबा शेजारी पेपर वाचत बसलेले. तेव्हा ती मनाशी म्हणाली, वाचण्यात गुंग असतील. आणि गेले कित्येक महिने मेजावर तेच चाललेलं, "आधी तू सांग." तिने सांगितलं की मास्तर मान डोलवायचे. तिला वाटायचं आपली तयारी करून घेताहेत. मनातल्या मनात फुगलीही होती ती, वेडी.

बाई कपाळ धुऊन आल्या. कॉफी देऊ का विचारलं तर म्हणाल्या, मला नाही चालत, छातीत धडधडतं, गरम पाणी द्या. कॉफीच्या पेढीत कॉफी न पिणारी तपासनीस! भट्टीवाल्याने तोंड फिरवून हसून घेतलं.

बाईंनी मास्तरांना विचारलं की या येमेनच्या दाण्याचं एवढं कौतुक कशासाठी. मास्तरांना तेवढंच पाहिजे होतं. त्यांनी सगळी कहाणी लावली. झाड मुळात इथिओपियाच्या रानातलं. शेळ्या लाल फळं खाऊन नाचायला लागल्या आणि गुराख्याने पाहिलं, ही त्या रानाची दंतकथा. तिथून ते चिंचोळा समुद्र ओलांडून येमेनला गेलं, मोखा बंदरातून जगभर निघालं. बी बाहेर जाऊन रुजू नये म्हणून येमेनवाले ती उकळून नाहीतर भाजून विकत, असं सांगतात. तरी एका फकिराने सात बिया लपवून नेल्या म्हणे. एका फ्रेंच अधिकाऱ्याने एकुलतं रोप जहाजातून नेलं आणि वाटेत पाणी संपत आलं तेव्हा स्वतःच्या वाट्याचं पाणी त्याला घातलं, असं तो स्वतःच लिहून गेलाय. आज सगळ्यात जास्त पिकवतो ब्राझील, त्याच्या खालोखाल व्हिएतनाम.

"म्हणजे या धंद्याला चोरीचं वावडं नाही," बाई म्हणाल्या.

मास्तर मनापासून हसले. मग बाईंनी विचारलं की हरार आणि येमेन दिसायला कसे असतात. सारखेच, मास्तर म्हणाले. दोन्ही बारीक, पिवळसर, ओबडधोबड, दोन्ही फळासकट उन्हात वाळवलेले. डोळ्यांचं काम नाही ते, नाकच लागतं. असं म्हणून त्यांनी भिंतीवरच्या चौकटीकडे बोट केलं. चौकटीत गोणीचा एक तुकडा होता. तीस वर्षांपूर्वी बंदरावरून माल आला, छाप कोलंबियाचा, कागद कोलंबियाचे. मास्तरांनी मूठभर दाणे नाकाशी नेले आणि म्हणाले ग्वाटेमाला. सगळे हसले. आठ दिवसांनी बंदरावरून तार आली की गोण्यांची अदलाबदल झाली होती. तेव्हापासून पेढीत बोललं जायचं, कागद खोटा ठरेल, मास्तरांचं नाक नाही.

छोटी हळूच खोलीबाहेर सटकली.

३

तिला एकच गोष्ट बघायची होती. आणि ती बघायची तिला भीती वाटत होती.

भट्टीवाला एका वेळी मूठभर दाणे भाजतो, कपाला लागतात त्यातले थोडे. उरलेले कागदी पुडीत घालून, वर वेळ लिहून, संध्याकाळपर्यंत फळीवर ठेवतो. फळीवर पुडी होती. 'मास्तर, साडेसात.' हे दाणे चाखायचं कुणाच्याही डोक्यात आलं नव्हतं, छोटीच्याही नाही. मास्तरांनी हो म्हटलेला घोट पुन्हा चाखायचा? या पेढीत असा विचार करणारा माणूस अजून जन्मायचा होता.

तिने पुडी उघडली, दोन दाणे तोंडात टाकले, चावले.

जांभूळ.

तिथेच स्टुलावर बसली ती. साडेसातलाच डब्यात हरार होतं. बाबांनी हरार चाखलं, येमेन म्हणून सही केली. त्यांच्या नाकाला आणि जिभेला काही कळत नाही, आणि हे गेल्या थंडीत त्यांना मोठा ताप आला तेव्हापासून असणार. मग कुलूपकाकांचे ते दोन तास कशाचे? तो हिशोबच खोटा. डबा त्याआधी बदलला, शनिवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ, केव्हाही, कुणीही.

ही पुडी मेजावर ठेवली की काका सुटतील. आणि बाबा संपतील. चाळीस वर्षं इथे चाखत आलेला माणूस एका पुडीत संपेल, आणि ती पुडी ठेवणारी कोण, तर पोटची पोर.

तिने पुडी मिटली आणि खिशात टाकली.

"काय खाताय?"

दारात विमेवाल्या बाई उभ्या होत्या.

"काही नाही," छोटी म्हणाली. "सवय."

बाईंनी तिच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मग भट्टीवाल्याला हाक मारून विचारलं की दोन्ही वेळा दाणे कुणी काढून दिले. काकांनी, डबा कपाटातून काढून, माझ्यासमोर, तो म्हणाला. कपाटाच्या किल्ल्या किती? दोन. एक काकांच्या कमरेला, दुसरी मास्तरांकडे, पण मास्तर कशाला उघडतील? भाजल्यावर उरलेलं काय करता?

भट्टीवाल्याने फळीकडे हात केला. फळी रिकामी होती.

"इथेच तर ठेवली होती," तो डोकं खाजवत म्हणाला.

छोटीला वाटलं, आपल्या खिशातून वास सुटलाय आणि तो सगळ्या खोलीला कळतोय.

४

कुलूपकाका आपल्या खोलीत हात मांडीवर ठेवून बसले होते. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. छोटीला गोणीची गाठ मारायला यांनीच शिकवलं होतं, लहानपणी गोण्यांच्या थप्पीवर बसवून. तिला त्यांच्याकडे बघवेना.

बाईंनी सकाळचं विचारलं. काका सरळ सांगत गेले. साडेसातला डबा काढला, दिला, ठेवला. साडेनऊला पुन्हा तसंच. मध्ये कुणी आलं नाही. मीही हात लावला नाही.

"आणि रविवारी?"

काकांनी कमरेची किल्ली चाचपली.

"रविवारी राखणीला तुम्हीच होतात. कुणी आलं होतं?"

काकांनी एकदा छोटीकडे पाहिलं. मग जमिनीकडे. "मी यापुढे काही बोलणार नाही," ते म्हणाले. "न्यायचं तर न्या मला."

"काका, अहो बोला ना," छोटी कळवळून म्हणाली. हे तिच्या तोंडून गेलं आणि तिची तिलाच लाज वाटली. बोलायचं ते हिच्या खिशात, आणि ही काकांना सांगतेय बोला.

बाईंनी काकांना जास्त छळलं नाही. त्या कपाटापाशी गेल्या. आत तीसेक डबे, देशादेशांचे. त्या एकेका चिठ्ठीवर बोट ठेवून वाचत गेल्या, सुमात्राचा निळसर हिरवा दाणा पाहून थबकल्या, एका डब्यातले वाटाण्यासारखे गोल दाणे पाहून विचारलं हे असे का. छोटीने यांत्रिकपणे सांगितलं की फळात एरवी दोन बिया असतात, एका बाजूने चपट्या. कधी एकच धरते, ती गोल होते.

"आणि हरारचा डबा कुठला?"

छोटीने दाखवला. बाईंनी झाकण उघडलं, आत डोकावल्या, डबा हातात तोलून पाहिला.

"भरलेला आहे की हो," त्या स्वतःशीच म्हणाल्या.

छोटीच्या लक्षात आधी काहीच आलं नाही. मग आलं. सगळे सकाळपासून येमेन गेलं कुठे म्हणून गोदाम पालथं घालत होते. हा डबा कुणीच हुंगला नव्हता.

५

तीन वाजता बाईंनी सगळ्यांना चाखायच्या खोलीत बोलावलं. मालकीणबाई, भट्टीवाला, कुलूपकाका, मास्तर, छोटी. मेजावर दोन डबे.

"मला कॉफीतलं ओ का ठो कळत नाही," बाई म्हणाल्या. "पण डबे मोजता येतात. येमेनच्या डब्यात हरार आलं, तर ते कुठून तरी आलं. पेढीत हरारचा डबा एकच. तो रिकामा हवा. तो गळ्यापर्यंत भरलाय. मग त्यात काय आहे?"

मालकीणबाई मेजाशी आल्या.

"चोर येमेन घेऊन जातो. शेजारच्या डब्यात नीट भरून ठेवत नाही. हे चोराचं काम नव्हे. कुणीतरी दोन्ही डबे एकाच वेळी रिकामे केले, आणि परत भरताना चुकलं. दोन तास आपल्याच खोलीत बसून असला उद्योग काका कशाला करतील? पण मास्तरांची सही म्हणते की साडेसातला डबा बरोबर होता. त्या सहीने काका अडकतात. सही खरी, तर काका दोषी." बाईंनी हरारचा डबा उचलला आणि मास्तरांपुढे धरला. "तेव्हा मास्तर, तुम्हीच सांगा. यात काय आहे?"

मास्तरांनी मूठभर दाणे घेतले. नाकाशी नेले. डोळे मिटले. छोटीने हे हजारदा पाहिलं होतं, आणि दर वेळी एकदाच हुंगून व्हायचं. त्यांनी पुन्हा हुंगलं. मग डोळे उघडून मुलीकडे पाहिलं.

"आधी तू सांग," ते म्हणाले.

काय सोपं होतं. येमेन आहे म्हणायचं, मास्तर मान डोलवणार, त्यांचं नाक शाबूत. काका तेवढे अडकून राहणार. काका खाली मान घालून उभे होते, आणि त्यांची ती मान छोटीला सहन होईना.

तिने खिशातून पुडी काढली आणि मेजावर ठेवली.

"ही साडेसातची," ती म्हणाली. "मी चाखली. हरार आहे. बाबा, तुम्ही हरारवर सही केलीत."

कामाच्या जागी ती पहिल्यांदाच बाबा म्हणाली होती.

मास्तर खाली बसले. हातातले दाणे परत डब्यात टाकले. मग बोलले ते अगदी साध्या आवाजात.

"मला वास येत नाही. त्या तापानंतर गेला. थोडा येतो असं वाटतं, पण येत नाही."

रविवारी ते किल्ली घेऊन आले होते. स्वतःची परीक्षा घ्यायला. दोन्ही डबे दोन ताटांत ओतले, ताटांखाली चिठ्ठ्या ठेवल्या, डोळ्यांवर टॉवेल बांधला, ताटं फिरवली आणि हुंगलं. एका ताटाशी काहीतरी आल्यासारखं वाटलं. येमेन, मन म्हणालं. टॉवेल सोडून पाहिलं तर चिठ्ठी हरारची.

"मग?" मालकीणबाईंनी विचारलं.

"मग वाटलं, चिठ्ठ्याच मी उलट्या ठेवल्या असतील." मास्तरांनी भिंतीवरच्या चौकटीकडे पाहिलं. "आयुष्यभर कागद चुकले, नाक नाही. मला इतकं हवं होतं हो की नाक खरं असावं. नाकाने सांगितलं तसे डबे भरले आणि घरी गेलो. त्या रात्री चांगली झोप लागली मला."

आज सकाळपासून तरी शंका आली नाही का, बाईंनी विचारलं. आली, ते म्हणाले. दर पाच मिनिटांनी आली. आणि दर वेळी वाटलं की माझी शंका खरी निघण्यापेक्षा दुसरं काही असेल तर बरं. "काकांवर येईल हे कळत होतं मला. तरी बसून राहिलो. त्याची लाज मेल्यावरही जाणार नाही."

"मी पाहिलं होतं," काका एकदम म्हणाले. "दाराच्या काचेतून. डोळ्यांना टॉवेल बांधून हे एकदा या ताटाशी, एकदा त्या ताटाशी. मी परत फिरलो. एकट्या माणसाचं असलं काही दिसलं तर ते चारचौघांत कसं सांगायचं?"

मास्तर उठले आणि त्यांनी काकांचे दोन्ही हात धरले. भट्टीवाला खिडकीकडे तोंड करून उभा राहिला.

विमेवाल्या बाईंनी पिशवी आवरायला घेतली. छोटीने त्यांना हळूच विचारलं, तुम्हाला केव्हा कळलं?

"मी बाम थापून आत आले आणि सगळ्यांची तोंडं वाकडी झाली," त्या म्हणाल्या. "एकाच माणसाने खुर्ची दिली. वाटलं, सभ्य आहेत. नंतर त्यांचा दंडक ऐकला." मग पुडीकडे बोट करून म्हणाल्या, "ही तुम्ही ठेवली नसतीत तर मला मागावी लागली असती. बरं झालं, मागायला लागली नाही."

६

चाराला दहा कमी असताना मालकीणबाई चाखायच्या खोलीत आल्या. हरारच्या डब्यातला माल छोटीने भाजून घेऊन चाखला होता. मनुका, दालचिनी. येमेन जसंच्या तसं.

"सही कोणाची?" मालकीणबाईंनी विचारलं.

"तिची," मास्तर म्हणाले. त्यांनी सकाळची आपली सही एका रेघेने खोडली, खाली 'चूक माझी' असं लिहिलं, वेळ घातली आणि नोंदवही मुलीपुढे सरकवली. मग टोपी उचलली. घरी निघाले होते ते.

छोटीला ते बघवेना. तिने कप उचलला आणि त्यांच्या वाटेत उभी राहिली. कपातून वाफ येत होती. तिने तो त्यांच्या नाकाखाली धरला.

"बाबा, थांबा ना. गिऱ्हाईक विचारेल, येमेन म्हणजे काय. ते मला कुठे सांगता येतं तुमच्यासारखं?"

ते कपाकडे बघत राहिले. "मला काही येत नाही गं यातलं," म्हणाले. आणि त्यांचे डोळे भरून आले.

"मला येतंय," छोटी म्हणाली. "आधी मनुका येतात. मग दालचिनी. मग आठवतंय का, मी सात वर्षांची असताना तुम्ही मला पहिला घोट दिलात, आणि मी म्हटलं आजोबांच्या लाकडी पेटीचा वास येतो. तोच येतोय शेवटी."

मास्तरांनी डोळे मिटले. थोड्या वेळाने मान डोलवली, आणि ही मान त्या सगळ्या महिन्यांतल्या मानेसारखी नव्हती.

"हो," ते म्हणाले. "सागाची पेटी होती."

बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला. कुलूपकाका दार उघडायला गेले. मास्तरांनी टोपी खुंटीवर अडकवली, बाही सरळ केली आणि मुलीच्या मागे जाऊन उभे राहिले.